हो-नाहीचे बीजगणित

१८६४ सालच्या नोव्हेंबर महिन्याची २४ तारीख. आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क शहरात मुसळधार पाऊस कोसळत होता. शहराबाहेर बॅलिन्टेम्पल भागात राहणारे गणिताचे एक प्राध्यापक नेहमीप्रमाणे पायी कॉलेजकडे निघाले. अंतर सुमारे पाच किलोमीटर. पोहोचेपर्यंत ते नखशिखान्त भिजले आणि त्याच ओल्या कपड्यांत त्यांनी वर्ग घेतला. घरी परतल्यावर ताप चढला, छाती भरली. बरोबर दोन आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९. मागे ३२ वर्षांची पत्नी आणि पाच मुली. सर्वांत धाकटी जेमतेम सहा-सात महिन्यांची.

या प्राध्यापकांचे नाव जॉर्ज बूल. आज आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, डॉक्टरांचा रिपोर्ट मागवतो, घरच्यांना निरोप धाडतो, तेव्हा तो मजकूर वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून त्याची शून्य आणि एक यांच्या भाषेत उलथापालथ केली जाते. ही उलथापालथ करणाऱ्या नियमांना ‘बूलियन फलन’ म्हणतात. ज्या माणसाने आयुष्यभर विचार स्पष्ट कसा करावा याचा शोध घेतला, त्याचे नाव आज गुपिते राखण्याच्या शास्त्रात रोज घेतले जाते. हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी त्यांच्या आयुष्याकडे पाहायला हवे.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन गावात झाला. वडील जॉन हे बूट-जोडे तयार करणारे कारागीर. पण त्यांचे लक्ष धंद्यात कमी आणि दुर्बिणीत जास्त. भिंगे घासावीत, उपकरणे जोडावीत, मुलाला गणित शिकवावे, यात ते रमत. आई मेरी अ‍ॅन लग्नापूर्वी एका घरी दासी म्हणून काम करीत असे. घरची परिस्थिती बेताची. जॉर्जला लॅटिन शिकायला मदत केली ती गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने. ग्रीक त्याने स्वतःच शिकून घेतले. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे भाषांतर केले आणि वडिलांनी ते कौतुकाने स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणले. त्यावर एका शिक्षकाने जाहीर शंका घेतली, की एवढ्या वयाच्या मुलाला हे जमणेच शक्य नाही.

पुढे वडिलांचा धंदा बुडाला. सोळाव्या वर्षी जॉर्जवर आईवडील आणि तीन भावंडांची जबाबदारी आली. तो डॉन्कास्टर येथील शाळेत सहायक शिक्षक म्हणून रुजू झाला. पगार तुटपुंजा, पुस्तके महाग. अशा वेळी त्याने एक व्यवहारी हिशेब केला. साहित्याचे पुस्तक दोन-चार दिवसांत वाचून संपते, गणिताचे पुस्तक महिनोन्महिने पुरते. म्हणून त्याने फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ घेतले आणि कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय ते वाचून काढले. याच काळात, वयाच्या सतराव्या वर्षी, शेतातून चालत जाताना त्याच्या मनात एक कल्पना चमकून गेली. ग्रह-ताऱ्यांच्या गतीचे नियम जसे समीकरणात मांडता येतात, तसे माणसाच्या विचारांचे नियमही मांडता येतील का? उत्तर हाती लागायला पुढची चौदा-पंधरा वर्षे जावी लागली.

एकोणिसाव्या वर्षी बूल यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसा शाळा, रात्री गणित. केंब्रिजला जाऊन पदवी घ्यावी असा विचार मनात येऊन गेला, पण घरची चूल त्यांच्याच कमाईवर पेटत होती. पदवी राहिली ती कायमचीच. मात्र केंब्रिजच्या गणित नियतकालिकाचे संपादक डंकन ग्रेगरी यांनी त्यांची गुणवत्ता ओळखली आणि त्यांचे लेख छापले. १८४४ साली रॉयल सोसायटीने त्यांच्या एका निबंधाला सुवर्णपदक दिले. गावच्या शाळामास्तराला मिळालेला हा फार मोठा मान होता.

१८४७ साली तर्कशास्त्रातील एका वादाने ती जुनी कल्पना पुन्हा जागी केली. स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन आणि गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यात श्रेयावरून जुंपली होती. हे डी मॉर्गन जन्माने आपल्याकडचे, तमिळनाडूतील मदुराईचे. वाद वाचता वाचता बूल यांनी एक छोटे पुस्तक लिहून काढले. त्यात तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप दिले होते. सात वर्षांनी, १८५४ मध्ये, याच विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. विचारांच्या नियमांचा शोध हा त्याचा विषय.

त्यातली मूळ कल्पना घरातल्या उदाहरणानेही समजते. आंब्यांची एक टोपली समोर आहे. त्यातून पिकलेले आंबे निवडा. या निवडीला ‘क्ष’ म्हणू. आता निवडलेल्या आंब्यांतून पुन्हा पिकलेले आंबे निवडा. काय मिळेल? तेच आंबे. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. शाळेतल्या बीजगणितात हे सहसा खरे नसते, कारण तीनचा वर्ग नऊ होतो. मग कोणत्या संख्यांचा वर्ग त्या संख्येइतकाच असतो? फक्त दोन: शून्य आणि एक. बूल यांनी शून्याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा घेतला आणि एकाचा अर्थ ‘सगळे’. पिकलेले आंबे क्ष असतील, तर न पिकलेले १ वजा क्ष. या दोघांचा गुणाकार शून्य, कारण एकच आंबा एकाच वेळी पिकलेला आणि न पिकलेला असू शकत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलेला तर्काचा नियम अशा रीतीने एका ओळीच्या समीकरणात बसला.

याहून महत्त्वाची होती त्यांची पद्धत. कितीही गुंतागुंतीचे विधान असो, त्यातील प्रत्येक अटीच्या जागी आधी एक आणि मग शून्य ठेवून पाहायचे. दोन अटी असतील तर चार शक्यता, तीन असतील तर आठ, चार असतील तर सोळा. सगळ्या शक्यता मांडायच्या, एकही सोडायची नाही, आणि मगच निष्कर्ष काढायचा. दिसायला बरोबर वाटणारा तर्क सगळ्या ओळींत टिकतो का, हे तपासण्याची ही कसोटी.

हे काम चालू असतानाच त्यांचे आयुष्य बदलले होते. १८४९ मध्ये कॉर्क येथे नव्याने सुरू झालेल्या क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्याकडे पदवी नव्हती, तरीही ही जागा त्यांना मिळाली. आयर्लंड तेव्हा बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे पडलेल्या भीषण दुष्काळातून नुकता कुठे बाहेर येत होता. कॉर्कमध्येच त्यांची ओळख मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाली. मेरी म्हणजे भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले, तेव्हा त्यांचे काम पुढे नेणारे ते हेच एव्हरेस्ट. जगातल्या सर्वांत उंच शिखराला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

मेरी यांना गणिताची ओढ होती. बूल त्यांना शिकवू लागले, पत्रव्यवहार वाढला आणि १८५५ मध्ये दोघांचे लग्न झाले. वयात सतरा वर्षांचे अंतर, पण संसार सुखाचा. नऊ वर्षांत पाच मुली झाल्या. १८५७ मध्ये बूल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. आणि मग तो नोव्हेंबरचा पाऊस आला.

त्या आजारपणाची एक हकिकत बूल यांच्या चरित्रांत आवर्जून येते. मेरी यांचे बालपण फ्रान्समध्ये गेले होते. त्यांचे वडील होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचे रुग्ण आणि पुढे अनुयायी झाले. ज्या कारणाने आजार होतो, तशाच गोष्टीने तो बरा होतो, हा विचार मेरी यांच्या मनावर लहानपणापासून बिंबला होता. पती पावसात भिजून आजारी पडले, तेव्हा त्यांना ओल्या चादरींत ठेवले गेले, अशी आठवण पुढे घरातूनच सांगितली गेली.

आज हे वाचताना मेरी यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. न्यूमोनिया हा फुप्फुसांचा संसर्ग आहे आणि तो जंतूंमुळे किंवा विषाणूंमुळे होतो. नुसते भिजल्याने तो होत नाही. पण १८६४ मध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हते. न्यूमोनियाचा प्रमुख जंतू शास्त्रज्ञांनी वेगळा काढला तो १८८१ मध्ये. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा आणि रुग्णांसाठी त्याचा सर्रास वापर १९४० च्या दशकातला. कॉर्कमधल्या कोणत्याही डॉक्टरच्या पेटीत या आजारावर नेमके औषध नव्हते. ताप आलेल्या, श्वास लागलेल्या माणसाला ओल्या चादरीत ठेवल्याने भले होण्याची शक्यता नव्हतीच. पण कोरड्या अंथरुणातही ते वाचले असते, असे म्हणता येत नाही.

चूक होती ती तर्कात. भिजणे आधी घडले आणि आजार नंतर आला, म्हणून भिजणे हेच कारण. आणि कारण पाणी, म्हणून उपायही पाणी. ऐकायला सुसंगत, पण भिजूनही आजारी न पडणारे किती, न भिजता आजारी पडणारे किती, ओल्या चादरीने बरे झालेले किती आणि न झालेले किती, या साऱ्या ओळी मांडून पाहिल्याच नव्हत्या. बूल यांच्या पद्धतीत नेमके हेच करायचे असते. औषधांच्या चाचण्यांत अशी मांडणी करण्याची शिस्त वैद्यकात रुळायला पुढे बराच काळ जावा लागला. आजही एखाद्या घरगुती उपायाचे कौतुक आपण ऐकतो, तेव्हा तक्त्यातली एकच ओळ आपल्यासमोर असते. मुलांना किंवा वृद्धांना तापाबरोबर धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, तर उरलेल्या ओळी तपासलेले औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे जाणे, हेच शहाणपणाचे.

बूल गेल्यावर त्यांचे बीजगणित जवळपास सत्तर वर्षे तर्कशास्त्रज्ञांच्या वर्तुळातच राहिले. इतरांनी त्यात दुरुस्त्या केल्या. बूल यांची बेरीज फक्त एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांपुरती होती, ती पुढे सैल झाली. १९३७ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले, की विजेची बटणे आणि रिले यांचे जाळे म्हणजे बूल यांचेच बीजगणित. बटण चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. संगणकाची मंडले याच पायावर उभी राहिली. याच शॅनन यांनी १९४९ मध्ये गुप्त संदेशांचा गणिती सिद्धान्त मांडला.

गुप्त संदेशाचा सर्वांत सरळ मार्ग असा. मजकूर शून्य-एकच्या रांगेत लिहायचा. दुसरी एक गुप्त रांग घ्यायची. दोन्ही रांगा एकाखाली एक मांडून बेरीज करायची, फक्त एक अधिक एक बरोबर शून्य असे धरायचे. पलीकडच्या माणसाने तीच गुप्त रांग पुन्हा मिळवली, की मूळ मजकूर परत येतो. तारायंत्रासाठी ही युक्ती गिल्बर्ट व्हर्नम यांनी १९१७ च्या सुमारास काढली. प्रश्न उरतो तो एवढाच, की लांबलचक गुप्त रांग आणायची कुठून?

एक स्वस्त उपाय आहे. चार खणांची एक पेटी घ्या. प्रत्येक खणात शून्य किंवा एक. दर ठोक्याला सगळे आकडे एक खण पुढे सरकतात, शेवटचा बाहेर पडतो आणि रिकाम्या झालेल्या पहिल्या खणात ठरावीक दोन खणांची बेरीज भरली जाते. खण नीट निवडले, तर बाहेर पडणारी रांग १५ आकड्यांनंतरच पुन्हा तीच सुरू होते. त्यात आठ एक आणि सात शून्ये असतात, म्हणजे दिसायला अगदी नाणेफेकीसारखी. वीस खण घेतले, तर रांग १० लाख ४८ हजार ५७५ आकडे पुरते. वरवर पाहता हे उत्तम. पण ही पेटी फक्त बेरीज करते, आणि बेरजेची समीकरणे शाळकरी मुलेही सोडवतात. वीस खणांच्या पेटीतून बाहेर पडलेले सलग ४० आकडे हाती लागले, की पेटीची सगळी रचना उघडी पडते. त्याची रीत बर्लेकँप आणि मॅसी यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिली.

मग बूलियन फलनाची गरज लागते. तीन पेट्या घ्या आणि त्यांचे आकडे एका नियमातून काढा. १९७३ मध्ये सुचवलेला एक नियम असा होता: मधली पेटी एक म्हणाली तर पहिल्या पेटीचा आकडा बाहेर पाठवायचा, शून्य म्हणाली तर तिसरीचा. बूल यांच्या रीतीने आठही ओळी मांडून पाहू. चार ओळींत उत्तर एक येते, चार ओळींत शून्य. तोल बरोबर. नियम नुसत्या बेरजेचाही नाही. सगळे ठीक वाटते. पण आता उत्तराची पहिल्या पेटीशी तुलना करा. आठांपैकी सहा ओळींत दोन्ही सारखेच आहेत! तिसऱ्या पेटीशी ताडून पाहिले, तरी सहा ओळी जुळतात. म्हणजे बाहेरचा आकडा दर चारांत तीनदा आतल्या पेटीची चहाडी करतो. प्रत्येक पेटीची किल्ली २० आकड्यांची असेल, तर तिन्ही किल्ल्या एकदम शोधायला एकावर अठरा शून्ये इतक्याहून जास्त प्रयत्न लागावेत. या चहाडीमुळे पेट्या एकेक करून फोडता येतात आणि प्रयत्न तीस-बत्तीस लाखांवर येतात. साध्या संगणकाला ते क्षणांचे काम.

तिन्ही पेट्यांची सरळ बेरीज केली तर चहाडी पूर्ण थांबते, पण मग पुन्हा नुसती बेरीज उरते. ही ओढाताण योगायोगाची नाही. नियम जितक्या पेट्यांचे रहस्य राखतो, तितकी त्याची गुंतागुंत कमी करावी लागते, हे झीगेनथालर यांनी १९८४ मध्ये सिद्ध केले. बेरजेच्या नियमांपासून जास्तीत जास्त दूर असणारी फलने आहेत, पण त्यांच्यात शून्य आणि एक यांचा तोल कधीच बसत नाही. चार आकड्यांवर चालणाऱ्या अशा फलनात सोळांपैकी सहा किंवा दहा ओळींतच एक येतो, आठ ओळींत कधीच नाही. म्हणून सगळे सांभाळून मधला मार्ग काढावा लागतो. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या एईएस या सांकेतिक पद्धतीत आठ आकडे आत घेणारे कोष्टक असते. त्याच्या २५६ ओळींपैकी किमान ११२ ओळी बेरजेच्या कोणत्याही नियमाशी विसंगत असतात. कमाल शक्य आकडा १२०, पण तो गाठला तर तोल जातो.

असे चांगले फलन शोधणे कठीण का? कारण फलनांची संख्याच अफाट आहे. दोन आकड्यांवर १६ फलने, तीनवर २५६, चारवर ६५ हजार ५३६, पाचवर ४२९ कोटींहून जास्त. पुढे मोजदाद संपते आणि गणित लागते. या फलनांना पदावलीत लिहिताना वर्ग, घन कधीच येत नाहीत, कारण क्ष गुणिले क्ष पुन्हा क्षच. आंब्याच्या टोपलीतले ते समीकरण इथपर्यंत सोबत करते.

बूल यांच्या पश्चात मेरी यांनी मुलींना घेऊन इंग्लंड गाठले, महिला कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी केली आणि मुलांना गणित कसे शिकवावे यावर पुस्तके लिहिली. त्या १९१६ पर्यंत जगल्या. मुलींपैकी अ‍ॅलिशिया यांनी चार मितींच्या भूमितीत नाव कमावले, तर लुसी रसायनशास्त्रज्ञ झाल्या. वडील गेले तेव्हा पाळण्यात असलेली एथेल लिलियन कादंबरीकार झाली. तिचे लग्न विल्फ्रिड व्हॉयनिच या ग्रंथविक्रेत्याशी झाले. १९१२ मध्ये या जावयाच्या हाती एक जुने हस्तलिखित आले, अनोळखी लिपीतले, विचित्र वनस्पतींच्या चित्रांनी भरलेले. पतीच्या निधनानंतर एथेल यांनी ते १९६० पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत सांभाळले. आता ते अमेरिकेत येल विद्यापीठात आहे. दोन महायुद्धांतील नामांकित संकेतभेदकांनी त्यावर डोके चालवले, पण ते आजवर सर्वमान्य रीतीने कुणालाही वाचता आलेले नाही.

कॉर्कच्या विद्यापीठात आज बूल यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. ज्या वाटेने ते त्या दिवशी भिजत आले, ती तिथून फार लांब नाही. तिथल्या विद्यार्थ्यांच्या खिशातल्या फोनमध्ये त्यांचे शून्य आणि एक सतत काम करत असतात. एखादा नवा सांकेतिक नियम कुणी मांडला, की जगभरचे गणिती तो आधी तोडून पाहतात आणि त्यातून टिकलेलाच वापरात येतो. न्यूमोनियावरचे औषधही आता असेच तपासून रुग्णापर्यंत येते. कॉर्कमधल्या त्या आजाऱ्याच्या वाट्याला मात्र ते येऊ शकले नाही.